आरोग्याची गोष्ट गावात कशी सांगावी: विदर्भातल्या आशाताई, शिक्षक आणि कार्यकर्त्यांसाठी

जुलै लागला की विदर्भातल्या खेड्यांत सापाच्या गोष्टी सुरू होतात. कोणाला निंदताना चावला, कोणाला धुऱ्यावर, कोणाला झोपेत. आणि जवळपास प्रत्येक गोष्टीत एक बाबा असतो, ज्याने विष उतरवलं. उपकेंद्राच्या भिंतीवर पोस्टर असतं: ‘सर्पदंश झाल्यास रुग्णास त्वरित नजीकच्या रुग्णालयात न्यावे.’ पोस्टर बरोबरच आहे. पण रात्री दोनला घरात धावपळ उडते तेव्हा पोस्टर कोणालाच आठवत नाही. बाबाची गोष्ट आठवते, कारण तिच्यात नाव आहे, गाव आहे आणि शेवटी माणूस उठून बसतो.

म्हणजे गोष्टी गावात आधीपासून आहेतच. त्यांच्या शेजारी आपली गोष्ट टिकेल कशी, एवढाच प्रश्न. ती कशी तयार करायची, कुठे आणि कोणाच्या तोंडून सांगायची, हे पुढे क्रमाने दिलं आहे. मुख्य उदाहरण सर्पदंशाचं घेतलं आहे. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं गेली, त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले आणि बहुतेक खेड्यांतले. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आणि कपाशीवरच्या फवारणीतून होणारी विषबाधा यांचं वेगळं आहे, ते शेवटाकडे.

गोष्टीच्या आधी दवाखाना

लिहायला बसण्याआधी तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि विचारा: सर्पविषावरची लस (साप चावल्यावर द्यायचं प्रतिविष) आत्ता शिल्लक आहे का? रात्री कोण असतं? नसेल तर रुग्णाला कुठे पाठवता? उत्तर ‘ग्रामीण रुग्णालयातच न्या’ असं आलं, तर गोष्टीतली माणसंही ग्रामीण रुग्णालयातच गेली पाहिजेत. जे औषध तिथे नाही त्याची गोष्ट सांगणं म्हणजे लोकांना फसवणं. एकदा कोणी तुमच्या भरवशावर गेला आणि हात हलवत परत आला, की पुढची पाच वर्षं तुमची कुठलीच गोष्ट कोणी ऐकणार नाही.

फोनचंही तसंच. 108 ला फोन लावला तर गाडी कुठपर्यंत येते? नाल्याला पाणी असेल तेव्हा कुठपर्यंत? गोष्टीत हे खरं असायला हवं.

निर्णय एकच धरा

‘सर्पदंशाबद्दल जनजागृती’ हा गोष्टीचा विषय होऊ शकत नाही. कोणी, कधी, काय वेगळं करायचं, हे एका वाक्यात लिहा. माझं वाक्य असं: ‘घरातल्या माणसाच्या रात्री पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर साप दिसला नसला तरी घरच्यांनी लगेच दवाखाना गाठायचा.’ खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, अंगणात बॅटरी घेऊन फिरा, गमबूट घाला, ही सगळी माहिती चांगली आहे. ती गोष्ट संपल्यावर बोलण्यात येऊ द्या, किंवा दुसऱ्या गोष्टीत. एका गोष्टीत पाच उपदेश कोंबले की लोकांना ते लगेच कळतं. पाठीमागच्या बाया उठायला लागतात.

वाक्य लिहिताना ‘कोणी’ हा शब्द नीट पाहा. निर्णय घेणारं माणूस आणि आजारी माणूस बहुतेक वेळा वेगळे असतात. झोपेत मण्यार चावलेला माणूस काही ठरवण्याच्या अवस्थेत नसतो. ठरवतात बायको, सासरे, शेजारी. गोष्ट त्यांच्यासाठी.

आधी ऐका

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने दवाखाना कसा हवा, हे आधी तिथल्या आदिवासींना विचारलं. म्हणून तो मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांसारखा बांधला गेला आणि त्याला मां दंतेश्वरी या देवीचं नाव मिळालं. गोष्टीलाही हाच नियम लावावा. पात्रं, भीती, अडचण सगळं गावातून यावं.

चार-पाच घरी जाऊन ज्यांच्याकडे कोणाला साप चावला होता त्यांना बोलतं करा. प्रश्न साधे ठेवा. केव्हा कळलं? पहिल्यांदा कोणाला हाक मारली? मग काय केलं? मग? दवाखान्यात जायला किती वेळ लागला आणि तो वेळ कुठे गेला? ‘मग काय केलं’ हा प्रश्न विचारायचा कंटाळा करू नका, सगळा माल त्यातच आहे. कोणी सांगेल, नवरा पुण्याला कामावर होता आणि सासूला फोन लावता येत नव्हता. कोणी सांगेल, ऑटोवाल्याने रात्रीचे दुप्पट पैसे मागितले. कोणी सांगेल, साप सापडेपर्यंत निघायचं नाही असं सगळे म्हणत होते, डॉक्टरला दाखवावा लागतो ना. (लागत नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच असते. मेलेला साप पिशवीत घालून नेण्याच्या नादात आणखी एकाला चावून घेऊ नये.)

हे ऐकताना सल्ला देऊ नका. चूक दाखवली की माणूस पुढचं सांगायचं थांबतो, आणि नेमकं तेच तुम्हाला हवं असतं.

बाबाच्या गोष्टीशी भांडू नका, ती समजून घ्या

इथे जास्त वेळ द्या. बहुतेक शिबिरं इथेच हरतात. वक्ता येतो, ‘ही अंधश्रद्धा आहे’ म्हणतो आणि जातो. गावातल्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं की चुलता बाबाकडे नेला आणि बरा झाला. त्याच्या डोळ्यांना खोटं ठरवून तुमच्या हाती काही लागत नाही.

चुलता खरंच बरा झाला असतो. कारण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही काही वेळा चावतो पण विष सोडत नाही. अशा सगळ्यांचं ‘उतरतं’. बाबाकडे आलेल्यांत हेच जास्त, म्हणून त्याचं नाव होतं. ज्याला मण्यारीने पुरेपूर चावलं तो वाटेत किंवा बाबाच्या ओसरीवर जातो, आणि त्याच्याबद्दल गावात म्हणतात, ‘त्याची वेळच आली होती.’ त्याची गोष्ट कोणी पुढे सांगत नाही.

तुमच्या गोष्टीत हे कोणाच्या तरी तोंडून यायला हवं, आणि शक्यतो बाबाच्याच. मेळघाटात भूमका असेल, गडचिरोलीत पुजारी, इतरत्र बाबा नाहीतर भगत. गोष्टीत त्याला लबाड दाखवू नका. गावातला बाबा पुष्कळदा कोणाचा तरी मामा असतो, पैसेही घेत नाही. त्याची इज्जत राखून दवाखान्याचा रस्ता मोकळा करणारी गोष्ट गावात चालते. त्याला पाडणारी गोष्ट तुम्ही गेल्यावर तासाभरात विसरली जाते.

माणूस गोष्टीत गुंतला की मनातल्या मनात वाद घालणं कमी करतो, हे मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली प्रयोगांतून मांडलं. पण हे बाबाच्या गोष्टीलाही तितकंच लागू आहे. गोष्ट खरी आहे की खोटी, हे तिच्या रंगतीवरून कळत नाही. खरेपणाची जबाबदारी सांगणाऱ्याची.

तीन माणसं पुरतात

मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी 1970च्या दशकात कुटुंबनियोजन, साक्षरता अशा विषयांवर दूरदर्शन मालिका केल्या. त्यांची पद्धत आजही जगभर वापरतात. एक पात्र योग्य बाजूला, एक विरुद्ध बाजूला आणि मधलं एक डगमगणारं. प्रेक्षक त्या मधल्या माणसाबरोबर चालतो. आपल्या आरोग्याच्या गोष्टींत बहुतेक वेळा पहिली दोनच असतात: शहाणी आशाताई आणि अडाणी सासू. मग ऐकणारी सासू रुसते, आणि तिचं रुसणं बरोबर असतं.

मधलं माणूस तुमचा निर्णय घेणारा असू द्या. विरुद्ध बाजूचं माणूस प्रेमापोटी अडवणारं असू द्या. सासरे मुलाला बाबाकडे न्यायला सांगतात ते त्याचा जीव वाचावा म्हणूनच.

आता नमुना. बोली वऱ्हाडी आहे. तुम्ही गोंदिया-भंडाऱ्याकडचे असाल तर झाडीबोलीत फिरवा आणि निंदणाच्या जागी रोवणी घ्या.

आपल्यासारखंच एक गाव. श्रावणातली रात्र. दिवसभर निंदण झालेलं. उकाडा म्हणून गजानन पोराला खाटेवर निजवतो आणि आपण खाली अंग टाकतो. दीडच्या सुमारास उठून बसतो.

‘काहून, काय झालं?’ वनिता विचारते.

‘पोटात कसंतरी करून राह्यलं.’

ती ओवा देते. गजानन परत आडवा होतो. थोड्या वेळाने पाणी मागतो, पण घोट गिळता येत नाही. जीभ जड झालेली. वनिता बॅटरी लावून हातपाय पाहते. सूज नाही, रक्त नाही. मग बॅटरी तोंडाकडे नेते.

‘अहो, डोये उघडा ना पुरे.’

‘उघडेच हायेत.’

पापण्या अर्ध्यावर आलेल्या. (इथे पहिला थांबा.)

सासरे उठतात. ‘बाहेरचं असन काही. किसनाले धाडा, बाबाले घेऊन ये म्हना.’

वनिताला अंगणवाडीत ऐकलेलं आठवतं. मण्यार चावली तर दुखत नाही, व्रण दिसत नाही, पोट दुखतं आणि पापण्या पडतात. ‘मामाजी, हे सापाचं वाटते मले. मी दवाखान्यात नेतो यायले.’

‘साप कोनं पाह्यला? अन् नाल्याले पानी हाये. जाशीन कशी?’ (दुसरा थांबा.)

वनिता 108 लावते. गाडी पुलापर्यंत येईल, अलीकडे नाही. किसनभाऊ ट्रॅक्टर काढतात, वरच्या वाटेने पूल गाठता येतो. तेवढ्यात सासऱ्यांनी बाबाला फोन लावलेलाच असतो. बाबा झोपेतून विचारतो, ‘डोये झाकून राह्यले काय त्याचे?’

‘हो ना बापा.’

‘मंग माह्यापाशी आनू नका. डोये झाकनारा माह्या हातून कधी वाचला नाई. मी अठीच बसून म्हनतो जे म्हनाचं ते. तुमी निंघा.’

ट्रॉलीत गादी टाकून गजाननला कुशीवर निजवतात. सासरे त्याचं डोकं मांडीवर धरून बसतात. पुलावर गाडी उभी असते. ग्रामीण रुग्णालयात लस सुरू होते, पुढे जिल्ह्याच्या दवाखान्यात श्वासाचं यंत्र लावावं लागतं. आठवड्याने तो घरी येतो. सासरे त्यावर काही बोलत नाहीत. मंगळवारच्या बाजारातून मच्छरदाणी घेऊन येतात.

सांगायला सहा-सात मिनिटं लागतात. तिच्यात एकही माणूस मूर्ख नाही. नाला, गाडी, सासरे आणि साप न दिसणं या चारही अडचणी गावातून आलेल्या आहेत, आणि प्रत्येकीतून वाट काढताना दाखवली आहे. अडचण नुसती नावाला घेतली आणि नायिका ती सहज ओलांडून गेली, तर ऐकणारी म्हणते, ‘तिचं बरं हाये, आमचं तसं नाई.’ तुमच्या गावात ट्रॅक्टर नसेल तर बंडी घ्या, मोटारसायकलवर मधे बसवून नेणं घ्या. जे खरोखर होऊ शकतं तेच घ्या.

डॉक्टरांना ऐकवा

गोष्ट तयार झाली की वैद्यकीय अधिकाऱ्यांना वाचून दाखवा. ‘काही चुकलंय का’ एवढंच न विचारता, ‘असा रुग्ण आला तर तुम्ही नेमकं काय कराल’ असंही विचारा आणि त्याप्रमाणे शेवट दुरुस्त करा. काय करू नये, तेही पडताळून घ्या. दोरीने करकचून बांधणं, ब्लेडने कापणं, तोंडाने चोखणं, पाला चोळणं, रुग्णाला चालवत नेणं, यांतलं काहीच करायचं नाही. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला आधार देतात तसा स्थिर ठेवायचा, अंगठ्या-बांगड्या काढायच्या आणि निघायचं. नको असलेली कृती गोष्टीत फार रंगवून दाखवू नका. ब्लेडचा प्रसंग थरारक होतो, आणि दोन महिन्यांनी लोकांच्या लक्षात तेवढाच राहतो. डॉक्टरांना आणखी माहिती घालायची इच्छा होईल. नम्रपणे ‘ती नंतरच्या चर्चेत घेतो’ म्हणा.

कुठे, केव्हा, कोणाच्या तोंडून

सर्पदंशाची गोष्ट पेरणीच्या सुमारास सांगायला घ्या आणि कापूस येईपर्यंत चालू ठेवा. ग्राम आरोग्य पोषण दिनाला बाया येतातच, पण त्यांच्या हातात लेकरं असतात, लस टोचायची असते, घाई असते. बचतगटाची संध्याकाळची बैठक बरी. पुरुषांसाठी पार, किंवा फवारणीच्या दिवसांत कृषी केंद्रासमोरची गर्दी. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत पाच मिनिटं मिळाली तर घ्या, मात्र सरपंचांच्या भाषणानंतर नको.

पोळा सोडू नका. झडत्या, म्हणजे बैलांपुढची यमकं, म्हणायची रीत आपल्याकडे आहे, आणि एक झडती दिवसभर गावात फिरते. ही नमुन्याला:

पऱ्हाटी झाली कमरेवरी, धुऱ्यावर निंघाली नागाची स्वारी,
चावला तं कोनी बांधू नका दोरी, बाबाच्या आधी दवाखान्याची वारी!

पूर्व विदर्भात मंडईचा, म्हणजे गावजत्रेचा, आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं केंद्र. रात्रभर तिकीट काढून नाटक पाहणारा असा प्रेक्षक दुसरीकडे क्वचितच मिळेल. पण तेव्हा सर्पदंशाचा हंगाम सरलेला असतो. त्या मंचावर सिकलसेल आणा: थंडीत दुखणं वाढतं आणि पुढे लग्नसराई येते. मंडळींना तयार संहिता देऊ नका. त्यांना तुमचं एका वाक्याचं पान द्या आणि विनोदी पात्राच्या हाती सोपवा. लेखक-कलावंतांना काय चालतं हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. फक्त वैद्यकीय मजकूर रंगीत तालमीला तपासा.

मेळघाटात कोरकू आणि भामरागडकडे माडिया बोलणाऱ्यांसाठी मराठी गोष्ट करून दुभाषी उभा करू नका. तिथल्या आशाताईला तुमचं एक वाक्य द्या आणि गोष्ट तिला तिच्या भाषेत नव्याने रचू द्या. तुम्ही बसून ऐका. हसू कुठे येतं आणि शांतता कुठे पडते, एवढं भाषा न येताही कळतं.

सांगण्याच्या पद्धतीत गाडगेबाबांकडून शिकण्यासारखं खूप आहे. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत न्यायचं, उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचं. नमुना गोष्टीतले दोन थांबे त्यासाठीच आहेत. पहिल्या थांब्यावर विचारा, ‘काय झालं असन गजाननले?’ कोणी म्हणेल अपचन, कोणी म्हणेल लागिर. कोणालाही खोडू नका, पुढे चला. दुसऱ्यावर विचारा, ‘तुम्ही वनिताच्या जागी असता तर?’ आणि गप्प बसा. ही शांतता सोसायला शिकावी लागते. पहिला आवाज बहुधा एखाद्या म्हातारीचा येतो, ‘मी तं दोघायलेबी फोन लावला असता.’ तिथून खरी सभा सुरू होते.

अशा सभेचा परिणाम मोजलाही गेला आहे. झारखंड आणि ओडिशात ‘एकजुट’ या संस्थेने आदिवासी भागांत महिला गटांच्या बैठका घेतल्या. गोष्टी, चित्रं, खेळ यांतून बायांनी बाळंतपणातले प्रश्न ओळखायचे आणि उपाय स्वतः ठरवायचे. 2010 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षानुसार त्या भागातले नवजात मृत्यू तीन वर्षांत 32 टक्क्यांनी कमी होते. माझ्या मते इथे गोष्टीपेक्षा गोष्टीनंतरचं बोलणं जास्त उपयोगी पडलं असावं. त्यामुळे गोष्टीला दहा मिनिटं आणि बोलण्याला अर्धा तास ठेवा.

आणि त्या अर्ध्या तासात काहीतरी हाताने करून घ्या. प्रत्येकीने फोन काढून 108 साठवावा. रात्री गाडी देऊ शकणाऱ्या तिघांची नावं आणि नंबर त्यांना विचारून अंगणवाडीच्या दारावर लिहावेत. एखाद्या पोराला आडवं करून हात कसा स्थिर ठेवायचा ते करून पाहावं. बाया हसतात, पोरगं लाजतं, पण लक्षात राहतं.

खऱ्या माणसाची गोष्ट

‘हे आपल्याच गावात घडलं’ म्हटलं की कान टवकारतात, म्हणून खरी गोष्ट सांगायचा मोह होतो. साप चावून वाचलेला माणूस स्वतः सांगायला तयार असेल तर उत्तमच. बाकीच्या आजारांत थांबा. गावात नाव बदलून काही लपत नाही. ‘एका ताईला’ म्हणताच बाया एकमेकींकडे पाहतात. घर, सासर, पोरांची संख्या, धंदा, सगळं बदला आणि शक्यतो दोन-तीन घरांचं मिळून एक करा.

संमती घेताना काय सांगणार, कुठे सांगणार, मोबाइलवर जाईल का, हे स्पष्ट विचारा. ‘नंतर नको वाटलं तर थांबवू’ असंही सांगा आणि तो शब्द पाळा. एचआयव्हीच्या बाबतीत 2017च्या कायद्याने माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला मनाई आहे. ‘चांगल्या कामासाठी सांगितलं’ ही सबब तिथे चालत नाही. क्षयाचा रुग्ण उपचार संपल्यावर सांगायला तयार झाला तरी घरच्यांना विचारा. मुलीचं लग्न ठरत असतं.

सिकलसेल: इथे जपून

विदर्भात सिकलसेल अनेक समाजांत आहे, आणि त्याची गोष्ट चुकली तर थेट कोणाचं तरी लग्न मोडतं. पहिली काळजी आडनावाची. आपल्याकडे आडनावावरून जात कळते, म्हणून पात्रांना आडनाव देऊच नका. दुसरी काळजी मुलीची. ‘मुलीची तपासणी केली म्हणून वाचलो’ अशी गोष्ट कितीही चांगल्या हेतूने सांगितली तरी लोक ती ‘मुलीत दोष होता’ अशीच ऐकतात. गोष्टीत आधी मुलगा तपासून घेतो आणि तो वाहक निघतो, असं करा. वाहक म्हणजे आजार पुढच्या पिढीला देऊ शकणारा, पण तो माणूस स्वतः आजारी नसतो. तो शेतात राबतो, कबड्डी खेळतो, हे दाखवा. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. ‘एक पोरगं आजारी झालं, आता तीन चांगली होतील’ असा हिशेब लोक करतात. तो चुकीचा आहे, हे एका प्रसंगात दाखवता येतं.

तिसरी काळजी आजारी मुलाची. त्याला शाळेत आळशी म्हणतात, वावरात कामचुकार म्हणतात, कारण अंगदुखी कोणाला दिसत नाही. उन्हात राबणं, पाणी कमी पिणं, गारठा यांनी दुखणं उसळतं. रोजच्या गोळ्या आणि पाण्याची बाटली घेऊन तो मोठा होतो, दुकान टाकतो, अशी गोष्ट सांगा. त्याला मारू नका. गावात सिकलसेलचं लेकरू असलेली आई त्याच सभेत बसलेली असते.

फवारणी: गोष्ट कोणाला सांगायची

2017च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून ‘किट घाला’, म्हणजे अंग झाकणारा संरक्षक पोशाख घाला, हे सगळीकडे सांगितलं जातं आणि ऐकणारा मजूर मान हलवतो. दमट उन्हात, डोक्यावर गेलेल्या पऱ्हाटीत ते किट घालून दिवसभर चालणं काय असतं हे त्याला माहीत आहे. दोन औषधं एकत्र मिसळायची की नाही, दुपारी काम थांबवायचं की नाही, हे मजूर ठरवत नाही. ते ठरवतात वावराचा मालक आणि कृषी केंद्राचा दुकानदार. म्हणून या गोष्टीतलं डगमगणारं माणूस मालक असावा, आणि सांगायची जागा दुकानासमोर. मजुरासाठी वेगळी छोटी गोष्ट ठेवा: डोळ्यांपुढे अंधारी, घाम, उलटी आली की पंप खाली ठेवायचा, कपडे काढून साबणाने अंग धुवायचं, औषधाचा डबा किंवा चिठ्ठी घेऊन दवाखान्यात जायचं.

मोबाइलवर टाकायची असेल तर

गटावर ध्वनिफीत टाकणं सोपं आहे, पण ती थांब्यांशिवाय ऐकली जाते आणि अर्धवट कापून पुढे जाते. म्हणून दोन मिनिटांच्या आत ठेवा, काय करायचं ते सुरुवातीलाच येऊ द्या, सुरुवातीला तारीख आणि गाव सांगा. वर ‘सर्वांना पाठवा’ लिहू नका. अफवा तशाच येतात, आणि लोकांना आता ते ओळखू यायला लागलं आहे.

उपयोग झाला का, कसं पाहायचं

टाळ्या मोजू नका. महिन्याने त्याच वस्तीत जा आणि सभेला न आलेल्या एखाद्या बाईला विचारा, ‘गजाननची गोष्ट ऐकली का?’ ऐकली असेल तर तिलाच सांगायला लावा. ती काय गाळते आणि काय जोडते ते लिहून घ्या. पापण्या पडणं तिच्या लक्षात राहिलं असेल तर तुमचं मुख्य वाक्य पोचलं. फक्त बाबा लक्षात राहिला असेल तर त्याचा प्रसंग फार रंगला आहे, कमी करा. दोरी सोडवण्याचा नवा प्रसंग तिने स्वतः घातला असेल तर डॉक्टरांना विचारा. घट्ट बांधलेली दोरी वाटेत एकदम सोडणं धोक्याचं असतं, ती दवाखान्यात डॉक्टरांसमोरच सोडावी. मग तो प्रसंग दुरुस्त करून ठेवून घ्या.

दुसरी नोंद दवाखान्यात. हंगामाच्या शेवटी उपकेंद्राच्या सिस्टरसोबत बसून पाहा की तुमच्या गावांतून आलेल्या सर्पदंशाच्या रुग्णांना चावल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ लागला, आधी कुठे नेलं होतं, कोणी आणलं. नावं लिहू नका, वेळ आणि वाट तेवढी लिहा. वेळ अजूनही नाल्यापाशीच जात असेल तर तिथे गोष्टीचा उपयोग नाही. तो कागद ग्रामसभेत ठेवा आणि रपट्याची, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाची, मागणी ठरावात घ्या.